आईची काळी चार

परवा आईला घेऊन लेण्याद्रीला जाऊन आलो. अष्टविनायकातला हा एकच गणपती डोंगरात, लेण्यात बसलेला. पायऱ्या तीनशेच्या आसपास. आईचं वय अडुसष्ट, तरी डोली नको म्हणाली. पण आज लिहायचंय ते पायऱ्यांबद्दल नाही, आईच्या आवाजाबद्दल.

आमच्या घरी गणपतीत आरती आई सांगायची आणि बाबा पेटी धरायचे. पट्टी काळी चार. लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत बाबांनी ती धरली, ती कायमची. बाबा गेले, तरी आईने पट्टी सोडली नाही. गेल्या वर्षी आरती वर चढली आणि आईचा आवाज मधेच चिरकला. पोरं फिसकन हसली. मी हसलो नाही, पण नंतर म्हणालो, "आई, तू आता नुसत्या टाळ्या वाजव." झालं! त्या दिवसापासून आईचं गाणंच बंद. स्वयंपाकघरातलं गुणगुणणंसुद्धा.

घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. दुर्बिणीतून बघून ते म्हणाले, गाठबिठ काही नाही, वयाचा परिणाम. ही घशातली दुर्बीण ज्याच्यामुळे रूढ झाली तो डॉक्टर नव्हता बरं का! मान्वेल गार्सिया हा ऑपेराचं गाणं शिकवणारा मास्तर. 1854 साली त्याने दातांच्या डॉक्टरांकडचा छोटा आरसा घशात धरला, उन्हाचा कवडसा आत पाडला आणि स्वतःचेच स्वरतंतू हलताना पाहिले.

मग मी वाचतच सुटलो. आपण खालचे स्वर लावतो तेव्हा स्वरतंतू आखूड आणि जाड असतात, भरदार कंप पावतात. हा छातीचा आवाज. वर जाताना दुसरा स्नायू त्यांना ताणतो, ते पातळ होतात, फक्त कडा थरथरतात. हा डोक्याचा आवाज. आवाज दोन्ही वेळा घशातच तयार होतो, कंप तेवढा छातीत नाहीतर डोक्यात जाणवतो. एका स्नायूने दुसऱ्याच्या हाती सूत्रं देताना गडबड झाली की आवाज चिरकतो. बायकांमध्ये हा सांधा साधारण 330 ते 350 हर्ट्झला येतो. गणित मांडलं, तर काळी चारमध्ये तो नेमका धैवतापाशी! पाळी गेल्यावर स्वरतंतू थोडे जाड होतात, आवाज उतरतो आणि सांधा सांभाळणं आणखी अवघड होतं. म्हणजे आईचं चुकत नव्हतं, पट्टी चुकत होती.

ऑपेरावाले हा सांधा ऐकू येऊ नये म्हणून वर्षानुवर्षं मेहनत करतात. आणि तरी राग किंवा दुःख दाखवायचं असलं की मुद्दाम छातीच्या आवाजात उतरतात. म्हणजे भावना दाखवायला शब्द आणि सूर असतातच, पण आवाज कुठून येतोय यातही ती असते.

लेण्याद्रीला जाताना वाटेत नारायणगाव लागतं. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं (1935–2002) गाव. तमाशाचा खुला आवाज म्हणजे छातीचाच आवाज जोर लावून वर चढवलेला, मैदानातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा. त्यात एखादा सूर खरखरला तर कोणी हसत नाही, उलट काळजाला भिडतो. गाडीत मी आईला हे सगळं सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "बरं."

वर गणपतीसमोरचा मंडप प्रशस्त आहे, आत एकही खांब नाही, सगळा अखंड कातळ. साधं बोललं तरी आवाज घुमतो. मी मोबाईलवर तानपुरा लावला, पांढरी चार, आणि आईच्या कानाशी धरला. म्हटलं, "नुसता सा लाव." काळी चारपेक्षा तीन सूर खाली. आता सांधा वरच्या सा जवळ गेला होता, आरतीच्या वाटेतून बाजूला.

आई बराच वेळ गप्प. मग तिने हळूच आरती सुरू केली. आवाज ओळखीचा नव्हता, जाडसर, खर्जाकडे झुकलेला. मधे एकदा चिरकलाच! पण ती थांबली नाही. नाशिककडची चार-पाच माणसं होती, त्यांनी टाळ्या धरल्या. मला मात्र टाळ्या वाजवायचं सुचलंच नाही.

उतरताना तिसऱ्या की चौथ्या टप्प्यावर ती टेकली आणि म्हणाली, "पट्टी खाली घेता येते हे मला काय माहीत नव्हतं? पण ती ह्यांची होती ना."

एवढं वाचून, हर्ट्झ मोजून मला हे कळलं नव्हतं.

यंदा गणपतीत पांढरी चार. पेटी मी शिकतोय. बोटं अजून काळी चारकडेच जातात...