होडी पाण्याची, वल्हं घरचं

कयाकिंग म्हटलं की डोळ्यांसमोर निळं पाणी, हिरवे डोंगर वगैरे येतं. फोटोत तेवढंच असतं ना! वल्हं घरात कुठं ठेवायचं, लाइफ जॅकेट कुठं वाळत घालायचं आणि हे लटांबर पाण्यापर्यंत न्यायचं कसं, याचे फोटो कुणी काढत नाही. आजचं लिखाण त्या न काढलेल्या फोटोंबद्दल.

आधी हिशेब. साधी कडक कयाक तीन-चार मीटर लांब. आमचा नवीन पनवेलमधला फ्लॅट वन बीएचके. विषय संपला! म्हणून कयाक जिथं पाणी तिथं भाड्यानं; वल्हं, जॅकेट आणि हेल्मेट मात्र स्वतःचं. ही विभागणी काही माझी आयडिया नाही. पनवेलच्या खाडीवर कोळीवाड्यातले एक काका होडी चिखलात नांगरून वल्ही खांद्यावर टाकून घरी निघाले होते. विचारलं, "काका, होडी अशीच ठेवणार?" तर म्हणाले, वल्ह्याशिवाय ती जाते कुठं! अख्खी सिक्युरिटी पॉलिसी एका वाक्यात. होडी म्हणजे सर्व्हर, वल्हं म्हणजे पासवर्ड :-)

तर वल्हं. माझं 220 सेंटीमीटरचं, दोन्ही टोकांना पातं असलेलं, मधोमध सुटणारं. अखंड घेतलं असतं तर लिफ्टमध्ये तिरकं धरून शेजाऱ्यांच्या पोटात खुपसत न्यावं लागलं असतं. दोन तुकडे केले की प्रत्येकी साधारण एकशे दहा. कपाटामागच्या भिंतीवर दोन खुंट्या, त्यावर आडवे. पात्यावर उभं करून कोपऱ्यात ठेवू नये. वजन टोकावर येतं आणि पातं हळूहळू वाकडं होतं. आईनं सुरुवातीला त्यावर टॉवेल वाळत घातले, पण ते एक असो.

खरी काळजी सांध्याची. खाडीचं पाणी खारं, त्यात बारीक गाळ. जोडलेलं वल्हं तसंच आणून ठेवलं तर मीठ आणि रेती सांध्यात बसते, आणि पुढच्या शनिवारी दोन माणसं दोन बाजूंनी ओढतायत असं दृश्य दिसतं. उपाय फुकटचा आहे. घरी आल्याबरोबर तुकडे वेगळे करायचे, गोड्या पाण्याखाली धरायचे, पुसायचे आणि वेगळेच ठेवायचे. तेल-ग्रीस लावू नये, त्याला रेती अजून चिकटते.

जॅकेटची गोष्ट जास्त गंभीर. त्याच्या आतला फोम हवा धरून ठेवतो म्हणून आपण तरंगतो. ऊन, उष्णता आणि दाब हे त्याचे तीन शत्रू, आणि बंद गाडीच्या डिकीत तिन्ही एकत्र नांदतात. आमच्या ग्रुपमधल्या एकाचं जॅकेट दोन उन्हाळे डिकीत होतं, वर स्टेपनी. दिसायला झकास, रंगसुद्धा उडालेला नाही. दरवर्षी सीझनच्या आधी आम्ही एक टेस्ट करतो. जॅकेट घालून, सगळे बकल लावून छातीभर पाण्यात जायचं, पाय उचलायचे आणि अंग सैल सोडायचं. हनुवटी पाण्याबाहेर राहिली तर पास. त्याच्या नाकापर्यंत पाणी आलं. स्विमिंग पूलमध्ये आम्ही हसलो. मग कुणालातरी कुंडलिकेचा वाहता पट्टा आठवला आणि हसणं थांबलं. ते जॅकेट कुणाला देऊन टाकलं नाही. पट्टे कात्रीनं कापले आणि मग फेकलं, म्हणजे कचऱ्यातून उचलूनही कुणी घालायला नको.

त्यामुळे माझं जॅकेट गोड्या पाण्यातून काढून गॅलरीत सावलीला, जाड हँगरवर. त्यावर बसायचं नाही, उशी करायची नाही. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधायचं नाही, आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी लगेच धरते.

आता वाहतूक. कोलाडला जाणारा राष्ट्रीय महामार्ग 66 आमच्या पनवेललाच सुरू होतो, तेवढं आमचं भाग्य. गाडीत मागच्या सीटवर दोन तुकडे आरामात झोपतात. खिडकीतून बाहेर काढू नका, बाइकवर आडवं तर अजिबात बांधू नका. मागून येणाऱ्याला ते दिसत नाही. शिवाय 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात मर्यादेबाहेर आलेल्या सामानाला वीस हजारांचा दंड आहे.

गाडी नसेल तर रोह्यापर्यंत रेल्वे आणि पुढे रिक्षा. इथं एकच नियम, पण तो पाळाच: स्टेशनवर वल्हं जोडायचं नाही आणि उंच धरायचं नाही. डोक्यावरच्या तारेत 25,000 व्होल्ट असतात आणि ॲल्युमिनियम काय, कार्बन फायबर काय, दोन्हींतून वीज जाते. तुकडे पिशवीत, पिशवी हातात, आणि हात खाली.

आणि हे सगळं आदल्या रात्री भरून ठेवायचं. कुंडलिकेत भर उन्हाळ्यातही पाणी खळाळतं, कारण मुळशीचं पाणी टाटांच्या भिरा वीजघरातून खाली सुटतं. 1927 पासूनचं वीजघर आहे ते. पाणी त्यांच्या वेळापत्रकानं येतं, बहुधा सकाळी. आपण माळ्यावर हेल्मेट शोधत बसलो म्हणून ते थांबत नाही.

तिकडे भाड्यानं वल्हं मिळत नाही का? मिळतं की. पण ते वर्षभर उन्हात पडलेलं असतं, आणि जॅकेटचा तर इतिहासच माहीत नसतो. स्वतःच्या वस्तूचा इतिहास आपल्याला पाठ असतो, सगळा फायदा तिथंच आहे. शिवाय खुंटीवरचं वल्हं येता-जाता दिसत राहतं. मंगळवारी रात्री उशिराचा कॉल संपवून उठलं की ते दिसतं आणि शनिवार फार लांब वाटत नाही.