कागदावर काय लिहायचं

आमच्या गावात ख्रिस्ती घरं तीन. एक कुटुंब पोटापाण्यासाठी पुण्याला गेलं, दुसऱ्या घरात म्हातारा-म्हातारी. लेकरं असलेलं घर आमचं एकटंच. नागपुरात सदरला, ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आसपास राहणाऱ्यांच्या पोरांना संडे स्कूल मिळतं, नाताळात दारोदार गात फिरायला सोबती मिळतात. माझ्या दोघांनी शाळेच्या वर्गात आपल्या मंडळीतलं दुसरं पोर पाहिलंच नाही.

गाव बुटीबोरीहून टाकळघाटाकडे जाणाऱ्या वाटेवर. याच भागात हिस्लॉपसाहेब गेले. १८४५ साली नागपुरात आलेले हे स्कॉटिश मिशनरी, शाळा काढणारे आणि दगडधोंड्यांचे शौकीन. १८६३च्या सप्टेंबरात टाकळघाटची जुनी शिळावर्तुळं पाहून ते घोड्यावरून बोरीकडे निघाले आणि भरल्या नाल्यात बुडाले. नागपुरातल्या कॉलेजाला त्यांचंच नाव आहे. पावसाळ्यात नाला चढला की सासूबाई पोरांना दटावायच्या, "थांबा रे पोट्टेहो, एवढ्या मोठ्या साहेबाले नेलं या पान्यानं, तुमाले काय सोडते!" आमच्या घरी मिशनचा इतिहास शिकवला गेला तो एवढाच.

बाकीचं शिक्षण रोज संध्याकाळी, जेवणाआधी. सासूबाईंना वाचता येत नव्हतं. दहा आज्ञा पाठ, तेविसावं स्तोत्र पाठ, आणि टिळकांची भजनं टाळावर. मग प्रार्थना. ती लांबायची. भात निवायचा, धाकटा एक डोळा उघडून ताटाकडे बघायचा. त्या डोळे मिटलेलेच ठेवून म्हणायच्या, "काऊन रे, देवाशी बोलाले बसला का वरनाशी?" पण त्यांच्या प्रार्थनेत काय काय यायचं! कपाशीवरची बोंडअळी, संत्र्याच्या व्यापाऱ्याची नियत, शेजारच्या पाटलांची अडलेली गाय, बाळंतीण झालेली कुणाची तरी सून. गावातल्या चाळीसेक माणसांची नावं रोज आमच्या माजघरात घेतली जात, आणि त्यातल्या निम्म्यांना त्याचा पत्ता नसायचा. पोरांना मी उपदेश केला असता तर तो विसरले असते. गायीसाठी प्रार्थना करायची असते, हे मात्र त्यांच्या अंगात मुरलं.

पोरांपुढे मी टिळकांची गोष्ट मुद्दाम काढायची. नारायण वामन टिळक काही काळ नागपुरात होते. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपियन सहप्रवाशानं त्यांना बायबल दिलं. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० साली. मधली पाच वर्षं नवरा एका धर्माचा, बायको दुसऱ्या, आणि त्यांच्यात एक लहान पोर. 'स्मृतिचित्रे' वाचताना मला त्या पोराचंच जास्त वाटतं. आपल्याकडे लोक समजतात, श्रद्धा दुधातून जाते. दुधातून जाते ती सवय.

सवयीची कसोटी तान्ह्या पोळ्याला लागायची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी साऱ्या गावची पोरं लाकडी बैल सजवून घरोघर फिरतात, बोजारा मिळवतात. धाकट्यालाही बैल हवा होता. आमच्या मंडळीतल्या एका बाईंनी नाक मुरडलं. सासूबाईंनी सुताराला पैसे दिले आणि बाईंना म्हणाल्या, "लाकडाच्या बैलाले पोट्टे देव नाही मानत वो, बोजाऱ्याले मानतात!" बैल घ्यायचा, फिरायचं, कुणी हातावर ठेवलेलं खायचं, पूजेला मात्र बाजूला उभं राहायचं, तोंड वाकडं न करता. कुंपण त्यांनी असं घातलं होतं. पौलानं करिंथकरांना पत्र लिहिलं तेव्हाही मूर्तीपुढचं अन्न खावं की नाही, हाच वाद होता. त्यानं बरीच पानं खर्च केली. सासूबाईंचं एका वाक्यात आटोपलं.

खरा प्रश्न पुढे आला, आणि तो देवाधर्माचा कमी, तहसील कचेरीचा जास्त.

माझे आजेसासरे ख्रिस्ती झाले, त्यांचे धाकटे भाऊ झाले नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ला ते भाऊ बाबासाहेबांसमोर दीक्षा घेणाऱ्या लाखोंच्या गर्दीत उभे होते. तेव्हापासून एका कुळाच्या दोन फांद्या. आजही अशोक विजयादशमीला वर्धा-यवतमाळकडचे नातेवाईक आमच्याकडे उतरतात, मी तीसेक माणसांचा वरण-भात रांधते आणि माझी पोरं त्यांच्यासोबत दीक्षाभूमीवर जाऊन पुस्तकांनी पिशव्या भरून आणतात. भांडण कधीच नव्हतं. फरक फक्त कागदावर. १९५०च्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शीख आले, १९९०ला बौद्ध. ख्रिस्ती आले नाहीत. राज्यात अशांना इतर मागासवर्गात धरतात, म्हणजे रांग वेगळी, सवलत वेगळी. वस्ती मात्र तीच. बाप्तिस्म्यानं आमचं घर काही गावाच्या मधोमध सरकलं नाही.

बारावीनंतर थोरलीनं नर्सिंगचा फॉर्म आणला. चुलतदीर आले होते. मायेनंच म्हणाले, "वहिनी, तुम्ही देवळात जा, कोन नाही म्हनते? पन कागदावर काऊन लिहिता? मोठेबाबांच्या शाळेच्या दाखल्यावर जुनी जात हाये ना." मोठेबाबा म्हणजे माझे सासरे. दीर खोटं काहीच बोलत नव्हते. तसं करणारी घरं मला माहीत आहेत. रविवारी एक नाव, कचेरीत दुसरं. मी त्यांना नावं ठेवत नाही. नियमच असा केला आहे की खरं बोलणाऱ्याला दंड पडावा.

हे म्हणाले, तू सांग. मी म्हटलं, फॉर्म तिचा आहे. पोरगी दोन दिवस घुम्यासारखी वावरली, मग आजीपाशी गेली. मी चुलीपाशी होते, ऐकू येत होतं.

"आजी, काय लिहू?"

"मले नको इचारू. मी आज्ञा शिकवल्या तवा तू एवढीशी होती. आता मोठी झाली."

"पण फी लई आहे ना."

"हाव. लई हाये."

यापलीकडे म्हातारी एक शब्द बोलली नाही. तिनं खोट्या साक्षीची आज्ञा म्हणून दाखवली असती तर पोरीला सोपं गेलं असतं. मलाही.

पोरीनं 'ख्रिश्चन' लिहिलं. मला नुसता अभिमान वाटला असं म्हणणार नाही. त्या रात्री मी पैसेच मोजत होते. मृग बहार झाडावरच व्यापाऱ्याला द्यावा लागला, पडेल त्या भावात. पुढे सासूबाई गेल्या तेव्हा त्यांच्या उशाला हीच पोरगी होती, नाडी धरून. आज ती नागपुरात एका वॉर्डात रात्रपाळी करते. ड्यूटीआधी रुग्णांची नावं घेते म्हणे, मनातल्या मनात.

धाकट्याचं वेगळं. तो वाचतो फार, दीक्षाभूमीवरून आणलेली पुस्तकं सगळी त्याचीच. बाप्तिस्मा लहानपणीच झाला, पण दृढीकरणाला तो अजून उभा राहिलेला नाही. विचारलं की म्हणतो, "आई, माहं अजून ठरलं नाही." टाळ मात्र भजनाला तोच वाजवतो. पाळकसाहेब दर ईस्टरला मला बाजूला घेऊन विचारतात, मुलाचं काय करायचं? मी म्हणते, साहेब, तो तिथं मागच्या बाकावर बसलाय, त्यालाच विचारा.