बारा वळणांचा घाट आणि चाकांवरचं घर

नागपूरहून पूर्वेकडे निघालं की भंडारा, राजनांदगाव, दुर्ग, भिलाई मागं टाकत साधारण ३०० किलोमीटरवर रायपूर येतं. मराठी माणसाला हे शहर तसं परकं नाही. अठराव्या शतकात या मुलखावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता आणि बिंबाजी भोसले रतनपूरला राहून इथला कारभार पाहत. चौबे कॉलनीतलं महाराष्ट्र मंडळ तर इथल्या मराठी कुटुंबांचं हक्काचं ठिकाण. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झालं आणि रायपूर राजधानी बनलं.

पण रायपूरचं पोट राजधानीपेक्षा रस्त्यावर जास्त भरतं! मुंबई-कोलकात्याच्या दिशेचा महामार्ग इथून जातो आणि जबलपूरकडून बस्तरला उतरणारा महामार्गही. टाटीबंधच्या बाजूला गेलं की ट्रकच्या रांगा, टायरवाले, वेल्डिंगच्या ठिणग्या आणि ग्रीसनं काळे झालेले हात दिसतात. शेजारी भिलाईचा पोलाद कारखाना. १९५९ मध्ये तिथली पहिली झोतभट्टी पेटली आणि या पट्ट्यात लोखंडाला आकार देणारे हात तयार होत गेले.

अशा शहरातून सहलीला निघायचं, तर चाकांवरच्या घरासारखं वाहन नाही. सिरपूरचं विटांचं लक्ष्मण मंदिर एका दिशेला, तर चित्रकोट आणि तीरथगडचे धबधबे ३०० किलोमीटर दक्षिणेला. मध्ये जंगल आणि लांबलचक रस्ता. गाडीतच झोपायची सोय, छोटी शेगडी आणि पाण्याची टाकी असली, तर मुलाबाळांना घेऊन निघालेल्या कुटुंबाला आणखी काय हवं? महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, केरळनंही त्याच वर्षी. त्यामुळे ही कल्पना आता केवळ परदेशी सिनेमातली राहिलेली नाही.

गंमत सुरू होते ती गाडी जुनी असली की. १९७० च्या दशकातल्या अमेरिकी मोटारघरांना बहुधा ऑटोमॅटिक गिअर असत. १९७३ ते १९७८ या काळात बनलेलं जीएमसी कंपनीचं प्रसिद्ध मोटारघर तीन गिअरच्या ऑटोमॅटिकवरच चाले. फोक्सवॅगनच्या लोकप्रिय व्हॅनलाही १९७३ च्या सुमारास ऑटोमॅटिकचा पर्याय मिळाला. डाव्या पायाला काम नाही, हाताला काम नाही. लांबरुंद, सपाट रस्त्यावर गाडी तोऱ्यात पळते.

रायपूरहून दक्षिणेला मात्र रस्ता सपाट राहत नाही. धमतरी झालं, कांकेर झालं, की केशकालचा घाट सुरू होतो. एकापाठोपाठ एक बारा अवघड वळणं! घाटातच तेलीन मातेचं मंदिर आहे. येणारेजाणारे चालक तिथं हात जोडतात, मगच पुढं सरकतात. तीन-चार टनांचं जुनं घर घेऊन या घाटाला भिडायचं, तर गिअरबॉक्सची खरी परीक्षा इथंच.

ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाचा तेलानं भरलेला डबा असतो. एका पंख्यानं घुसळलेलं तेल दुसऱ्या पंख्याला फिरवतं आणि गाडी पुढं जाते. चढावर हळूहळू, वजन ओढत जाताना हे तेल तापतं. फार तापलं की जळतं, आणि मग आतल्या पट्ट्या व चकत्या खराब होतात. उतरताना खालचा गिअर निवडायची सोय या गाड्यांतही असते, पण तीनच गिअर असल्यानं हातात पर्याय थोडे. शिवाय बॅटरी बसली तर? आपल्याकडचा रामबाण उपाय म्हणजे चार माणसांचा धक्का! जुन्या ऑटोमॅटिक गाडीला तो सहसा लागू पडत नाही. आतला तेलाचा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद तर दाब नाही, आणि दाब नाही तर चाकांचा जोर इंजिनपर्यंत पोचत नाही.

म्हणून मग विचार येतो, हा डबा काढून साधा, हातानं बदलायचा गिअर बसवावा. हायवेच्या कडेच्या गॅरेजमध्येही क्लचप्लेट बदलणारा मिस्त्री भेटतो. पन्नास वर्षांपूर्वीचा परदेशी ऑटोमॅटिक उघडून नीट बसवणारा मात्र शोधावा लागतो.

काम वाटतं तितकं सोपं नाही. ऑटोमॅटिकमागची पातळ चकती काढून तिथं जड फ्लायव्हील येतं. त्यावर क्लचप्लेट, प्रेशरप्लेट आणि बेअरिंग. इंजिनाच्या दांड्याच्या मागच्या टोकाला छोटं बेअरिंग बसायला भोक हवं. ऑटोमॅटिकसाठी बनलेल्या काही दांड्यांना ते पाडलेलंच नसतं, मग लेथ गाठावा लागतो. नव्या गिअरबॉक्सचं तोंड इंजिनाशी जुळायला हवं. लांबी बदलली की मागच्या चाकांकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट कमीजास्त करून पुन्हा तोलावा लागतो. तोल चुकला तर अख्खं घर थरथरतं आणि स्वयंपाकघरातली भांडी वाजू लागतात. पायाशी तिसरं पेडल, दांड्यासाठी फरशीला भोक, स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्सच्या दिव्याची वायर... यादी संपत नाही.

आणि काही गाड्यांत हा घाट घालूच नये. जीएमसीच्या त्या मोटारघरात पुढची चाकं गाडी ओढतात. इंजिन आणि गिअर एकमेकांना बिलगून बसलेले. त्याला मॅन्युअलची जोडी कंपनीनं कधी दिलीच नाही. अशा वेळी आहे तोच गिअरबॉक्स नीट दुरुस्त करून, तेल थंड करणारा मोठा कूलर बसवणं शहाणपणाचं. ज्या मॉडेलला कंपनीनंच दोन्ही प्रकार दिले होते, तिथं बदल सुकर. सगळं सामान त्याच घराण्यातल्या एखाद्या गाडीतून एकत्र मिळालं तर दुधात साखर.

खरा पेच पुढंच आहे, आणि तो कायद्याचा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार, नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीनं ठरवलेल्या तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच बजावलं. म्हणून पाना हातात घेण्याआधी परिवहन कार्यालय गाठावं, विचारावं आणि उत्तर लेखी घ्यावं. विमा कंपनीलाही कळवावं. अपघातानंतर कळवून काय उपयोग?

२०२१ मध्ये केंद्रानं ५० वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. नव्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चॅसी, सांगाडा किंवा इंजिनात मोठे फेरफार नकोत. आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, देखभाल अशा मोजक्या कारणांसाठीच तिला रस्त्यावर आणता येतं.

म्हणजे मालकानं आधी ठरवायला हवं, गाडी मिरवायची की फिरवायची? मिरवायची असेल तर मूळ डबा आहे तसाच राहू द्यावा. फिरवायची असेल, तर ती नेहमीच्या नोंदणीवर, परवानगीनं आणि जबाबदारीनं बदलावी. काढलेला ऑटोमॅटिक मात्र भंगारात घालू नये. पुसून, तेल लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवावा. उद्या मुलाला किंवा नातवाला गाडी मूळ रूपात आणावीशी वाटली, तर गिअरबॉक्स घरातच सापडेल.

बस्तरला जायचा उत्तम काळ पावसाळा सरल्यावरचा. तेव्हा चित्रकोटला पाणी भरपूर असतं आणि जगदलपूरला पंच्याहत्तर दिवसांचा दसरा रंगात येतो. माई दंतेश्वरीचा प्रचंड लाकडी रथ माणसं दोरांनी ओढतात. तिथं ना क्लच, ना गिअर! तिथवर पोचायचं तर केशकालमध्ये ट्रकवाल्यांचा जुना नियम पाळावा: ज्या गिअरमध्ये घाट चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनाला गाडी रोखू द्या, ब्रेक तापवू नका. मागे घरात मुलं झोपलेली असताना हा नियम विसरून चालत नाही.