दोन अर्धे बिघाड

गाडी कधीकधी सुरू होत नाही, असं सांगत कुणी आलं की मी लगेच बॉनेट उघडत नाही. आधी विचारतो, किल्ली फिरवल्यावर आवाज कसला येतो? काहीच नाही, नुसतं ‘टक्’, सेल्फ एकटाच गरगरतो, की इंजिन फिरतं पण पकडत नाही? पहिल्या तिन्हींत बॅटरी, केबल आणि सेल्फ यांच्यातच शोधायचं. चौथ्यात ठिणगी नाहीतर पेट्रोल. आवाजाची नक्कल करायला गिऱ्हाईक लाजतं, पण ती करून घेतल्याशिवाय मी पाना हातात घेत नाही.

तंजावरच्या एका उन्हाळ्यात एक गलईवाले शेठ आपली जुनी अँबॅसॅडर घेऊन आले. खानापूर-आटपाडीकडची ही माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी तमिळनाडूत गावोगाव पसरलीत, हे शेठ विट्याचे. मी इथल्याच मराठी घरातला, माझी मराठी तमिळमध्ये मुरलेली. तरी ‘सेल्फ रडतोय’ म्हटल्यावर दोघांचं जमलं. १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, पॉइंट आणि कंडेन्सरवर चालणारं. बॅटरी नवी, सेल्फ दुसरीकडे खोलून भरलेला. “मेस्त्री, तुमच्या दारात आणली की बघा कशी शहाण्यासारखी सुरू होते!” शेठ वैतागले होते.

ती सुरू होतच होती. अशा गाडीत एखादा भाग मेलेला सापडेल या आशेने लोक एकेक वस्तू बदलत सुटतात. माझा अनुभव वेगळा आहे. कधीतरीचा बिघाड बहुतेक वेळा एकटा नसतो. दोन दुबळेपणा असतात, त्यातला कुठलाही एक गाडी निमूटपणे सोसते, आणि दोन्हींची एका वेळी गाठ पडते तेव्हाच ती हटून बसते. म्हणून ‘काय बिघडलंय’ याआधी ‘कधी बिघडतं’ हे कळावं लागतं, आणि ते माझ्या दुकानात कळत नाही, मालकाच्या वहीत कळतं.

शेठना वही ठेवायला सांगितली, तर ते हसले. मी म्हटलं, ज्या गावात राहता तिथल्या राजाची तरी लाज ठेवा. दुसऱ्या सरफोजींच्या काळातल्या नेत्ररोग्यांची टिपणं, डोळ्यांच्या चित्रांसकट, सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपलेली आहेत. राजवाड्यात एवढं लिहिलं जात होतं, तर गाडीमालकाला चार रकाने जड का जावेत? किती वेळ चालवली, किती वेळ उभी होती, आवाज कसा, आणि शेवटी सुरू कशी झाली.

वही आली तेव्हा अक्षर गचाळ होतं, पण मजकूर सोन्यासारखा. सकाळी कधीच त्रास नाही. तिरुचीहून येऊन कुठे पंधरा-वीस मिनिटं थांबलं की त्रास. इंजिन हळू फिरतं, पकडत नाही. मात्र कंटाळून किल्ली सोडली की त्याच क्षणी एखादा ठोका मारतं. आणि धक्का दिला की लगेच सुरू.

उन्हाळ्यात सगळे आधी पेट्रोलवर संशय घेतात. इंजिन बंद केल्यावर पंखा आणि पाणी थांबतं, बॉनेटखालची उष्णता उलट वाढते, पाइपात पेट्रोलची वाफ होते. मग पंपावर ओलं फडकं टाकायचं. हे खरंही असतं. पण वाफ धरलेली गाडी धक्क्याला एवढ्या चटकन दाद देत नाही. धक्क्यात एकच गोष्ट वगळली जाते, ती म्हणजे सेल्फ. आणि किल्ली सोडतानाही सेल्फच थांबतो. म्हणजे सेल्फ फिरत असताना ठिणगीच्या वाट्याचा करंट कोणीतरी खात होतं.

गाडी वल्लमपर्यंत पळवून आणली, बॉनेट मिटून उभी केली, चहा घेतला. मग मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (पकडीवर नव्हे, थेट खुंटीवर), दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर धरून शेठना सेल्फ मारायला लावला. अर्धा व्होल्टसुद्धा जास्तच म्हटला असता. काटा दोनाच्या घरात गेला. सेल्फ दीडशे अँपिअर ओढतो असं धरलं, तर हे साधारण ०.०१३ ओहम. साधा मीटर एवढा विरोध दाखवूच शकत नाही. हेडलाइटएवढे दहा अँपिअर तिथून गेले तरी जेमतेम ०.१३ व्होल्ट पडणार, आणि दिव्यांचा करंट तर इंजिनमधून जातही नाही, म्हणून दिवे लख्ख! दिवे लख्ख म्हणजे कनेक्शन चांगलं, ही समजूत माझ्या धंद्यात फार महाग पडलेली आहे.

इंजिन रबरावर बसलेलं असतं. त्याला बॉडीशी जोडणारी अर्थची पट्टी कुणीतरी रंगकाम झाल्यावर रंगावरच आवळली होती. (ही पट्टी अगदीच तुटली तर करंट चोकच्या वायरीतून वाट काढतो आणि वायर चटका बसण्याइतकी तापते.) पॉइंटचा अर्थही ब्लॉकमधूनच जातो. सेल्फच्या ओझ्याने बॅटरी दहावर उतरलेली, त्यातले दोन पट्टीने खाल्ले; बारा व्होल्टच्या कॉइलला उरले आठ.

तरी सकाळी गाडी सुरू व्हायची, कारण थंडपणी आठातही भागत होतं. दुसरा अर्धा बिघाड कंडेन्सरमध्ये होता. त्याचं काम पॉइंट उघडताना कॉइलचा करंट झटक्यात तुटू देणं. तापल्यावर तो आतून गळायचा, करंट रेंगाळत तुटायचा आणि ठिणगी पिवळट पडायची. दुकानाच्या सावलीत आपल्या पाळीची वाट बघता बघता तो निवून शहाणा व्हायचा.

पट्टीखालचा रंग खरवडून लोखंड उघडं केलं, पट्टी नवी घातली, कंडेन्सर बदलला. शेठना बिलावर एकच नाव हवं होतं: “यातलं नक्की खराब कुठलं?” मी दोन्ही लिहिली. पटलं नाही त्यांना, पैसे मात्र दिले.

जुना कंडेन्सर मी ठेवून घेतला. दुकानात नवा पोरगा कामाला आला की तो थंडपणी तपासायला देतो. पोरगा ‘चांगला आहे’ म्हणतो. मग त्याला दिव्याजवळ तापवून पुन्हा तपासायला सांगतो.