भिंतीतला झाडू

घर बांधताना आपण स्वयंपाकघराचा ओटा, जिना, पाण्याची टाकी यांवर तासन्‌तास चर्चा करतो. केर कसा निघणार याचा विचार मात्र होत नाही. तो भार घरातल्या बाईच्या कमरेवर टाकून आपण मोकळे होतो.

आमच्या पत्नीला दम्याचा त्रास असल्याने आम्हाला हा विचार करावा लागला. केरसुणी फिरली की बारीक धूळ उडते आणि बराच वेळ हवेत तरंगते. साधा व्हॅक्यूम क्लीनरही हवा त्याच खोलीत परत सोडतो. सेंट्रल व्हॅक्यूममध्ये यंत्र एकच असते, तेही पडवीत. भिंतीतल्या नळ्यांची तोंडे खोल्यांत निघतात. त्यात लांब लवचीक नळी खोचून झाडायचे. धूळ पडवीतल्या टाकीत साठते, हवा बाहेर जाते. कल्पना जुनीच आहे. १९०१ साली इंग्लंडात ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी पेटंट घेतले, तेव्हा त्यांचे यंत्र घोडागाडीवर रस्त्यात उभे राही आणि नळ्या खिडकीतून घरात जात.

भिंती उभ्या झाल्या, प्लास्टर बाकी होते. आम्ही तीस फुटांची सुतळी घेतली. एक टोक दाराजवळ धरले, दुसरे मुलीने कोपऱ्याकोपऱ्यात नेले. कपाट, पलंग कुठे येणार ते धरून वळसे मोजले. दोन तोंडांत सारे घर बसले. चार इंची भिंतीत दोन इंची नळीसाठी चर पाडला तर भिंत कमजोर होते, म्हणून नळी नऊ इंची भिंतीतून नेण्याचे ठरले. वळणे काटकोनी न ठेवता लांब गोलाईची घ्यायची आणि सोल्युशन नळीच्या बाहेरूनच लावायचे, हे प्लंबरला बजावले. सोल्युशन सांध्याच्या आत लावले तर तिथे कड तयार होते आणि केस, दोरे अडकतात.

यंत्राची किंमत मात्र कारकुनाच्या पगाराला जड होती. कर्जाचा हप्ता, मुलांच्या फिया चुकत नाहीत. तेव्हा नळ्या आणि तारा आताच टाकायच्या, तोंडे झाकून ठेवायची, यंत्र पुढे घ्यायचे असे ठरविले. प्लास्टरनंतर हेच काम म्हणजे भिंती फोडणे!

पत्नी म्हणाल्या, "अहो, यंत्र येईपर्यंत माझा दमा थांबणार आहे का?"

प्रश्न रास्त होता. तेव्हापासून झाडणे आणि ओले फडके मारणे आम्ही व मुलगा पाळीपाळीने करतो. त्या वेळी पत्नी बाहेर बसतात.

पेशवाईत पुण्यात अस्पृश्यांना कमरेला झाडू बांधून फिरावे लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नमूद केले आहे. तो झाडू ज्यांनी झुगारला, त्यांनी आपल्या घरात तो एकाच कमरेला बांधू नये. यंत्र आले तरी नळी कोणाला तरी धरावीच लागते. बांधकाम काढणाऱ्या बांधवांनी प्लास्टरपूर्वी सुतळी फिरवून पाहावी आणि नळी कोण धरणार, हेही त्याच दिवशी ठरवावे.