ओमिहाचिमान : कावडीवर उभे राहिलेले नगर

क्योतोहून रेल्वेने सुमारे 35 मिनिटांच्या अंतरावर, बिवा या जपानमधील सर्वांत मोठ्या सरोवराच्या पूर्वेस, ओमिहाचिमान हे सुमारे 80 हजार वस्तीचे शहर आहे. 1585 मध्ये तोयोतोमी हिदेत्सुगु या सरदाराने हाचिमान डोंगरावर किल्ला बांधून पायथ्याशी हे नगर वसवले. सरोवराला जोडणारा कालवा खोदून त्याने येणाऱ्याजाणाऱ्या नौकांना येथे थांबण्याचा दंडक घातला आणि व्यापारातील मक्तेदारी मोडली. 1595 मध्ये त्याचा अंत झाला व किल्लाही पाडला गेला. राजाश्रय संपला, बाजारपेठ मात्र टिकली.

ती टिकवली व्यापाऱ्यांनी. खांद्यावर कावड घेऊन ते मच्छरदाण्या आणि चटया विकत दूरच्या प्रांतांत जात व परतताना तिकडचा माल आणत. ‘ओमी व्यापारी’ हे नाव जपानभर विश्वासाचे ठरले. शेजारच्या गोकाशो गावचे व्यापारी नाकामुरा जिहेइ यांनी 1754 मध्ये आपल्या वारसासाठी उपदेश लिहून ठेवला. परप्रांतात माल नेताना तेथील सर्व लोकांचे हित पाहावे, मोठ्या नफ्याची हाव धरू नये, असा त्याचा आशय होता. या विचारसरणीला पुढे ‘सान्पो योशी’ हे नाव मिळाले : विकणाऱ्याचे भले, घेणाऱ्याचे भले आणि समाजाचे भले.

यातील तिसऱ्या हिताची कसोटी विसाव्या शतकात लागली. मालवाहतूक रेल्वे व रस्त्यांवर गेली, कालवा गाळाने व कचऱ्याने भरला, त्याला दुर्गंधी येऊ लागली. तो बुजवून वाहनतळ करण्याचा विचार पुढे आला. स्थानिक तरुणांनी त्यास विरोध केला आणि 1975 पासून ते स्वतः गाळ उपसायला उतरले. हळूहळू गाव त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

1991 मध्ये येथील जुन्या वस्तीला शासकीय संरक्षण मिळाले. 2006 मध्ये हा जलपरिसर जपानचा पहिला ‘महत्त्वाचा सांस्कृतिक भूप्रदेश’ ठरला. आज दगडी काठांमधून प्रवासी नौका फिरतात. पांढऱ्या भिंतींच्या वखारी पाण्यात डोकावतात. शिन्माची रस्त्यावरील व्यापाऱ्यांचे वाडे बाहेरून अगदी साधे आहेत. कुंपणावरून झुकलेल्या पाइन वृक्षांची तेवढी शोभा.

अपरिग्रहाचा संस्कार लाभलेल्या व्यापारी कुटुंबांना हा साधेपणा परका वाटणार नाही. पेढीचा वारसा केवळ वह्यांत नसतो, हे येथे दिसते. ज्या पाण्याने पूर्वजांचा माल वाहून नेला, ते निर्मळ राखणे हेही वारसांचेच देणे असते.