आजोबांचं पाप, नातवाची गादी

चि. ऋजुता,

‘द कॅसल ऑफ ऑट्रँटो’ ही कादंबरी तुम्हाला अभ्यासाला लागलीय आणि सुरुवातीलाच अवाढव्य शिरस्त्राणाखाली नवरामुलगा चिरडतो तिथे सगळा वर्ग हसला, असं तू लिहिलंस. हसू दे त्यांना. तू मात्र त्याच्या बापाकडे बघ. पंधरा वर्षांचा एकुलता एक मुलगा अंगणात मरून पडलाय आणि मॅनफ्रेड त्याच दिवशी होणाऱ्या सुनेला, इझाबेलाला, बोलावून सांगतो की आता मीच तुझ्याशी लग्न करणार. मुलासाठी रडायला त्याला सवड नाही, कारण गादीला वारस हवा.

ती गादीही त्याची नव्हे. आजोबा रिकार्डो हा मूळ धनी अल्फॉन्सोचा कारभारी. त्यानं धन्याला विष घातलं आणि खोटं मृत्युपत्र पुढे केलं. मॅनफ्रेडनं ते पाप केलेलं नाही, त्याला ते फक्त ठाऊक आहे. आणि ठाऊक असूनही तो खुर्ची सोडत नाही. मला या कथेतलं खरं भय इथे दिसतं.

इझाबेलाला तो धरू पाहतो तेव्हा आजोबांचं चित्र सुस्कारा टाकतं आणि चौकटीतून खाली उतरतं. खिन्न चेहऱ्यानं नातवाला खूण करून पुढे चालू लागतं. मॅनफ्रेड मागोमाग जातो, तर एका दालनाचं दार धाडकन त्याच्या तोंडावर मिटतं. दुसरा कुणी तिथेच गुडघे टेकून बसला असता. हा काय ठरवतो? इझाबेला निसटता कामा नये! हा प्रसंग सावकाश वाच. साक्षात पाप करणारा पूर्वज समोर उभा राहिला तरी सत्तेची हाव शुद्धीवर येत नाही.

लेखक होरेस वॉलपोलनं हे कुठून आणलं? जिन्याच्या कठड्यावर चिलखती पंजा दिसला, ते स्वप्न प्रसिद्धच आहे. पण तो रॉबर्ट वॉलपोलचा मुलगा होता, ब्रिटनचा पहिला पंतप्रधान मानतात त्याचा. 1741 मध्ये होरेस संसदेत गेला आणि पुढच्याच वर्षी, वीसेक वर्षं टिकलेली वडिलांची सत्ता जाताना त्यानं पाहिली. 1764 मध्ये त्याचा लाडका मावसभाऊ कॉनवे सरकारविरुद्ध मत दिलं म्हणून लष्करातल्या हुद्द्यावरून काढला गेला. होरेसनं त्याच्या बाजूनं पत्रक लिहिलं. त्याच उन्हाळ्यात ही कादंबरी लिहिली. या दोन गोष्टींचा संबंध त्यानं सांगितलेला नाही, तो मी जोडते. पण घाबरलेली सत्ता कशी वागते हे त्याला ऐकीव नव्हतं.

मॅनफ्रेडच्या बायकोला, हिप्पोलिटालाही विसरू नकोस. नवरा टाकतोय आणि ती निमूट मठात जायला तयार होते. अशा सोशीक माणसांच्या जिवावरच मॅनफ्रेडचं चालतं, म्हणून मला तिचा राग येतो आणि कीवही.

शेवटी अल्फॉन्सोच्या समाधीपाशी, अंधारात, इझाबेला समजून तो खंजीर खुपसतो तो स्वतःच्या मुलीला, मॅटिल्डाला. वंश टिकवायला निघालेल्यानं उरलेलं एकमेव लेकरू मारलं. वाड्याच्या भिंती कोसळतात त्या यानंतर.

निबंधात भुतांची यादी देऊ नकोस. मॅनफ्रेड कुठे कुठे थांबू शकला असता तेवढंच शोध आणि मला कळव.

तुझी,
मावशी